स्टेंट परत अरुंद झालाय का? थॅलियम आणि पेट स्कॅनला जाण्याआधी, स्कॅनच्या दिवशी आणि रिपोर्ट हातात आल्यावर

आमचे मामा बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतात. दरवर्षी नवरात्राआधी पावागडला जातात आणि उडन खटोल्यात (रोपवेत) न बसता माचीपासून पायऱ्या चढतात. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेवर त्यांच्या जबड्यात आणि डाव्या दंडात जडपणा आला. पाच मिनिटं बसले, गेला. पुन्हा चढायला लागले, पुन्हा आला. त्याच्या चौदा महिने आधी त्यांची प्लास्टी झाली होती, म्हणजे हृदयाची अरुंद धमनी फुग्याने उघडून ती उघडी ठेवायला एक जाळी, स्टेंट, टाकलेला. घरी येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दसऱ्यानंतर ते घराच्या जिन्यात मध्येच थांबायला लागले, तेव्हा मामींच्या लक्षात आलं आणि मला फोन आला, "अगं, स्टेंट परत बंद होत असेल का? तुमच्याकडे थॅलियम करून घेऊ का?"

मी बडोद्यात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून थॅलियमसारखे स्कॅन करतात तिथे, टेक्नॉलॉजिस्ट आहे. हाच प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी मराठीत, गुजरातीत, कधी दोन्हींच्या मिसळीत विचारतं. मामींना फोनवर जे सांगितलं आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्यांच्याबरोबर जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरायचं नाही. डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं आणि स्कॅनच्या टेबलावर झोपताना नेमकं काय शोधलं जातंय, हे कळावं म्हणून आहे.

पहिलं काम: स्कॅनची वेळ आहे की १०८ ची

स्टेंटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि त्यांची गल्लत जिवावर बेतते. एक म्हणजे स्टेंटमध्ये अचानक रक्ताची गुठळी होणं. बसल्याजागी छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो, श्वास लागतो, दुखणं थांबत नाही. ही वेळ स्कॅनची नाही, ओपीडीच्या नंबरचीही नाही. १०८ ला फोन करायचा आणि हृदयाची कॅथ लॅब (धमनीत नळी घालून प्लास्टी करतात ती खोली) असलेल्या रुग्णालयात पोचायचं.

दुसरी गोष्ट हळूहळू घडते. स्टेंटच्या आत नवी पेशीजालं वाढतात आणि वाट अरुंद होते. डॉक्टर याला रिस्टेनोसिस म्हणतात. चालताना, जिना चढताना, जेवून लगेच निघाल्यावर, थंडीत सकाळी फिरताना त्रास होतो आणि थांबलं की शमतो. मामांचं हेच होतं. मधुमेह असलेल्यांना दुखतच नाही असंही होतं, त्यांना नुसता दम लागतो किंवा पूर्वी जमणारं काम जमेनासं होतं. मात्र चालताना होणारा त्रास बसल्यावरही व्हायला लागला, किंवा रोज थोड्या कमी श्रमात यायला लागला, तर तीही तातडीचीच बाब आहे. अशा माणसाला श्रमाच्या तपासणीसाठी ट्रेडमिलवर चढवायचं नसतं.

मामींना मी एकच सांगितलं होतं. दोन दिवस वहीत लिहा, किती पायऱ्यांनंतर, किती वेळ, काय केल्यावर थांबलं. हृदयरोगतज्ज्ञांनी ती वही पाच मिनिटं वाचली आणि त्यावरूनच पुढचं ठरवलं.

आत काय घडलेलं असतं

हे समजलं की स्कॅन काय दाखवू शकतो आणि काय नाही ते आपोआप कळतं.

१९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंत्सिगने हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. धमनी उघडायची, पण बऱ्याच जणांची काही महिन्यांत पुन्हा आकसायची. म्हणून १९८६ मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट आला. त्याने आकसणं थांबलं, पण नवीन अडचण उभी राहिली. फुगा आणि जाळी दाबताना धमनीच्या आतल्या अस्तराला जखम होते. जखम भरताना मधल्या थरातल्या स्नायूपेशी आत सरकतात, वाढतात, स्वतःभोवती चिवट द्रव्य साठवतात. हाताच्या जखमेवर काहींच्या कातडीचा जाड वण उठतो ना, तसं काहीसं धमनीच्या आत. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे साधारण सहा ते नऊ महिन्यांत व्हायचं आणि दर चार-पाच जणांत एकाला व्हायचं. मग औषध लावलेले स्टेंट आले. त्यांवरचं सिरोलिमस किंवा त्याच्या जातीचं औषध पेशींची वाढ रोखतं. आज जवळजवळ सगळे स्टेंट असेच असतात (आपल्या सुरतेत आणि वापीत ते बनतात, हे बडोद्यातही पुष्कळांना ठाऊक नसतं). प्रमाण खूप उतरलं, पण शून्य झालं नाही. ढोबळपणे शंभरात पाच ते दहा.

आणि कारण नेहमी वाढलेली पेशीच असते असं नाही. टाकताना स्टेंट पूर्ण उघडलेलाच नसतो. क्वचित जाळीचा दांडा मोडतो. रोगट भागाचं टोक स्टेंटबाहेर राहून गेलेलं असतं. काही वर्षांनी स्टेंटमधल्या नव्या थरातच चरबीचा थर बसायला लागतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, बारीक धमनी, लांब स्टेंट ही जोखमीची नावं लक्षात ठेवा. अँजिओग्राफीत स्टेंटच्या आत किंवा दोन्ही टोकांपासून पाच मिलिमीटरच्या आत निम्म्याहून जास्त व्यास भरला असेल, तर रिस्टेनोसिस म्हणतात.

आता मुद्दा. ही धमनी तीन मिलिमीटरच्या आसपास, त्यातली वाढ कधी मिलिमीटरभरही नाही, आणि ती मिनिटाला सत्तर वेळा हलतेय. पेट स्कॅनरची, म्हणजे अंगातली किरणोत्सर्गी खूण टिपणाऱ्या यंत्राची, नजर साधारण चार-पाच मिलिमीटरपर्यंतच बारीक जाते. म्हणून आम्ही रोज जो स्कॅन करतो तो स्टेंट बघतच नाही. तो स्टेंटच्या पुढच्या हृदयाच्या स्नायूला विचारतो, "श्रम पडले तेव्हा तुला रक्त पुरलं का?"

कागद जमवा, आणि नीट जमवा

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मामांच्या डिस्चार्ज कार्डावर "एक स्टेंट, यशस्वी" एवढंच होतं. कुठल्या धमनीत, कुठल्या भागात, किती मापाचा, काही नाही. अँजिओग्राफीची सीडी दिलेली, पण ती कुठल्याच संगणकावर उघडेना. ज्या रुग्णालयात प्लास्टी झाली तिथे मामेभाऊ दोनदा गेला, अर्ज दिला, तेव्हा कॅथ लॅबचा मूळ रिपोर्ट मिळाला. तो मिळाला नसता तर स्कॅनच्या रिपोर्टवरून आम्हाला अर्धंच उत्तर मिळालं असतं. मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो, कारण हा कागद पेशंटचा आहे आणि तो पहिल्याच दिवशी त्याच्या हातात असायला हवा.

फाइलमध्ये काय हवं ते सांगते. प्लास्टीची तारीख. धमनीचं नाव, म्हणजे एलएडी, सर्कमफ्लेक्स की उजवी धमनी, आणि वरचा, मधला की खालचा भाग. स्टेंटचा व्यास आणि लांबी, उदाहरणार्थ तीन बाय अठ्ठावीस मिलिमीटर. स्टेंटबरोबर मिळणारं छोटं कार्ड किंवा चिकटपट्टी. त्या वेळी दिसलेले पण तसेच सोडलेले इतर ब्लॉकेज किती टक्क्यांचे होते. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय का आणि कुठल्या बाजूचा. शेवटचा ईसीजी, इको, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी). चालू गोळ्यांची पूर्ण यादी. सीडी आधीच घरी उघडून बघा, उघडत नसेल तर दुसरी प्रत मागा.

कुठली तपासणी

हे ठरवणं हृदयरोगतज्ज्ञांचं काम. पण पर्याय माहीत असावेत.

साधी ट्रेडमिल टेस्ट स्वस्त आहे, पण स्टेंट झालेल्याला ती फारशी पुरत नाही. त्रास कुठल्या धमनीमुळे हे ती सांगत नाही. स्ट्रेस इको, म्हणजे श्रम देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी, चांगल्या हातात उत्तम. सीटी अँजिओग्राफीत धातूची चमक आड येते. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या स्टेंटमध्ये ती बऱ्यापैकी दाखवते, बारीक स्टेंटमध्ये धूसर होतं. शिवाय त्यात आयोडीनचं औषध लागतं आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर विचार करावा लागतो. लक्षणं ठसठशीत आणि जोखीम मोठी असेल तर डॉक्टर मधलं सगळं सोडून थेट अँजिओग्राफी सुचवतील आणि ते बरोबरच असतं.

आमचा स्कॅन, ज्याला गावभर थॅलियम म्हणतात, तो या मधल्या जागेत बसतो. त्रास आहे, पण नक्की हृदयाचाच का, कुठल्या भागातला, किती मोठा, हे ठरवायचं असतं तेव्हा. यात आयोडीन नसतं, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला मोठा दिलासा. नाव थॅलियम असलं तरी बहुतेक ठिकाणी आता टेक्नेशियम जोडलेलं सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन देतात. थॅलियम-२०१ चं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) ७३ तास, टेक्नेशियमचं ६ तास. म्हणून टेक्नेशियमने चित्र स्वच्छ येतं आणि किरणोत्सर्ग कमी पडतो. रेण्वीय इमेजिंग ते हेच. किरणोत्सर्गी खूण लावलेला रेणू रक्तातून जातो, जिवंत स्नायूपेशीत शिरतो आणि तिथून गामा किरणांनी आपला पत्ता कळवतो. रक्त कमी गेलं तर रेणू कमी, आणि तो भाग पडद्यावर फिका.

प्लास्टी नुकतीच झाली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत हा स्कॅन चकवू शकतो. धमनी उघडी असूनही बारीक रक्तवाहिन्या अजून सावरलेल्या नसतात आणि फिकेपणा दिसतो. त्या काळात त्रास असेल तर डॉक्टरांचं लक्ष वेगळ्या दिशेने असतं.

आदल्या दिवशी: चहाचा प्रश्न

ट्रेडमिलवर पुरेसं धावता येत नसेल, गुडघे दुखत असतील, किंवा ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाची अडलेली वाट) असेल, तर श्रमाऐवजी ॲडेनोसिन किंवा रेगाडेनोसन हे औषध देऊन हृदयाच्या धमन्या रुंदावतात. निरोगी धमनी रुंदावते, अरुंद धमनीला ते जमत नाही, आणि फरक उघडा पडतो. कॅफीन नेमकं याच औषधाची वाट अडवतं. औषध जातं, धमन्या रुंदावत नाहीत, स्कॅन "नॉर्मल" येतो आणि सगळे निर्धास्त होतात. खोटा दिलासा हा खोट्या भीतीपेक्षा वाईट.

म्हणून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद. किमान बारा तास, आमच्याकडे चोवीस सांगतात. कॅफीन काढलेली कॉफीही नको, तिच्यात थोडं उरतंच. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन असतं, त्यांची वेष्टनं वाचा. सकाळी पाचला उठून "अर्धाच कप" घेतलेल्यांना मी परत पाठवलेलं आहे. मनापासून वाईट वाटतं, कारण माणूस छोटा उदेपूरहून पहाटेची बस पकडून आलेला असतो. पण खोटा रिपोर्ट देण्यापेक्षा तारीख पुढे गेलेली बरी.

दमा असेल तर आधी सांगाच. ॲडेनोसिनने श्वासनळ्या आवळू शकतात, मग डोब्युटामिन वापरतात. दम्याच्या थिओफिलिनसारख्या गोळ्याही ॲडेनोसिनचा परिणाम मारतात, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

गोळ्यांबाबत दोन वाक्यं पाठ करा. नाडी मंदावणाऱ्या, म्हणजे मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या ट्रेडमिलसाठी एक-दोन दिवस थांबवायच्या की नाहीत हे तुमचे डॉक्टर सांगतील, आणि ते लिहून घ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर, या स्कॅनसाठी एकही दिवस थांबवायच्या नाहीत. "उपाशी यायचंय म्हणून सगळ्याच गोळ्या सोडल्या" असं एका आजोबांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं ते निमंत्रण असतं. गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेता येते.

चार तास पोट रिकामं. मधुमेहाचं इन्सुलिन किती घ्यायचं हे आधी विचारा. सैल कपडे, चालण्याचे बूट, अंगावर धातूचं काही नको. बरोबर एक जण आणि एक डबा.

स्कॅनच्या दिवशी

सकाळचे पाच-सहा तास त्यात जातात, त्यामुळे घाईची कामं त्या दिवशी ठेवू नका. टेक्नेशियम ज्या मोलिब्डेनमपासून मिळतं ते अणुभट्टीत तयार होतं आणि ६६ तासांत निम्मं होतं. म्हणून केंद्राला वरचेवर ताजा जनरेटर (मोलिब्डेनमपासून टेक्नेशियम काढून घ्यायचं उपकरण) लागतो. तो वेळेवर पोचला नाही तर तारीख पुढे जाते. विभागाचा आळस समजू नका.

क्रम केंद्रागणिक बदलतो. एका पद्धतीत आधी विश्रांतीचं लहान इंजेक्शन, ८ ते १२ मिलिक्युरी, तासाभराने फोटो, मग श्रम आणि तिप्पट मोठं इंजेक्शन. वजन जास्त असेल तर दोन वेगळ्या दिवशी करतात. ट्रेडमिलवर वयानुसार ठरलेल्या कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोचायचं असतं. २२० मधून वय वजा केलं की ती कमाल मिळते. इंजेक्शन ऐन श्रमात देतात आणि त्यानंतरही साधारण मिनिटभर चालायचं असतं. तेवढ्या मिनिटात पाय थांबवू नका, रेणू तेव्हाच स्नायूत शिरत असतात. छातीत दुखलं तर मात्र तत्क्षणी बोला. शौर्य दाखवायची ती जागा नव्हे.

ॲडेनोसिन शिरेतून चार ते सहा मिनिटं देतात. चेहरा गरम होतो, छातीत दडपण येतं, खोल श्वास घ्यावासा वाटतो. मामा घाबरले होते, मी हात धरून उभी होते. औषधाचं आयुष्य काही सेकंदांचं असतं, थांबवलं की मिनिटभरात उतरतं. फार झालं तर ॲमिनोफायलिनचा उतारा जवळच भरून ठेवलेला असतो.

मग खायला सांगतात, आणि तूप-लोण्याचं काही किंवा दूध. कारण पित्ताशय रिकामं व्हावं आणि यकृताची चमक हृदयाच्या खालच्या भिंतीवर पडू नये. फोटोला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हात डोक्यावर, हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही. खांदा दुखत असेल तर आधीच सांगा, आम्ही उशी देतो. फोटो हलला की नसलेला ब्लॉकेज दिसू शकतो.

एकूण किरणोत्सर्ग साधारण दहा मिलिसिव्हर्ट. निसर्गातून जगभरात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिळतात. कारण असेल तर घेण्याजोगा, कारण नसेल तर नाही. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, गरोदर सुनेपासून आणि तान्ह्या नातवंडापासून अंतर ठेवा. लगेच विमानप्रवास असेल तर केंद्राकडून पत्र घ्या, विमानतळावरचं यंत्र वाजू शकतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटची ओळ वाचून पाकीट बंद करू नका. चार गोष्टी शोधा.

पहिली, श्रम पुरेसे झाले का. ट्रेडमिलवर ठोके ८५ टक्क्यांपर्यंत गेले नसतील तर "नॉर्मल" या शब्दाला वजन कमी.

दुसरी, फिका भाग रिव्हर्सिबल की फिक्स्ड. श्रमात फिका आणि विश्रांतीत भरलेला म्हणजे तो स्नायू जिवंत आहे आणि तहानलेला आहे. दोन्ही वेळा फिका म्हणजे जुन्या झटक्याचा वण असू शकतो. कधी ती नुसती सावलीही असते, पुरुषांत पोटाच्या पडद्याची खालच्या भिंतीवर, बायकांत स्तनांची समोरच्या भिंतीवर. पोटावर झोपवून काढलेल्या फोटोने किंवा सीटीच्या दुरुस्तीने ती ओळखता येते.

तिसरी, किती मोठा. हृदयाचे सतरा भाग करून प्रत्येकाला शून्य ते चार गुण देतात. श्रमाचे गुण वजा विश्रांतीचे गुण म्हणजे एसडीएस. कमाल ६८. मामांचा एसडीएस नऊ होता, म्हणजे सुमारे तेरा टक्के स्नायू तहानलेला. दहा टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर गंभीरपणे घेतात. बरोबर पंपिंग, म्हणजे एलव्हीईएफ, आणि श्रमानंतर हृदय फुगलेलं दिसतं का तेही बघा. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळा स्नायू सारखाच फिका पडतो आणि फरकच दिसत नाही, तेव्हा हे फुगणं ही मोठी खूण ठरते.

चौथी आणि आपल्या प्रश्नासाठी सर्वांत मोठी, फिका भाग स्टेंटच्या धमनीचा आहे का. एलएडी समोरची भिंत, मधला पडदा आणि टोक सांभाळते. सर्कमफ्लेक्स बाजूची भिंत. उजवी धमनी बहुतेकांत खालची. इथे कॅथ लॅबचा तो कागद उघडायचा आणि शेजारी ठेवायचा. एका बाईंचा स्टेंट एलएडीत होता आणि फिकेपणा बाजूच्या भिंतीत. घरचे "स्टेंट फुकट गेला" म्हणून रडवेले झाले होते. स्टेंट ठणठणीत होता. पहिल्या अँजिओग्राफीत सर्कमफ्लेक्समध्ये सोडून दिलेला ब्लॉकेज वाढला होता, आणि तो त्यांच्याच जुन्या रिपोर्टात लिहिलेला होता. जागा जुळली तरी स्कॅन एवढंच म्हणतो की या धमनीत कुठेतरी अडचण आहे. स्टेंटच्या आत, टोकाला, की त्याच्या वर, हे तो सांगू शकत नाही.

मग स्टेंटच उजळून दाखवणारा स्कॅन?

हा प्रश्न आता लोक मोबाइलवर काहीबाही वाचून विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. आतमध्ये वाढणाऱ्या पेशींनाच खूण लावता येईल का? प्रयत्न जुना आहे. २००० साली डुकरांच्या हृदयात स्टेंट टाकून, वाढत्या स्नायूपेशींना चिकटणारी झेड-टू-डी-थ्री नावाची प्रतिपिंडं किरणोत्सर्गी इंडियम लावून सोडली गेली, आणि स्टेंटची जागा स्कॅनमध्ये उजळली. पण ते रोजच्या वापरात कधी उतरलं नाही.

माणसांत सोडियम फ्लोराइडचा पेट स्कॅन जास्त पुढे गेला. तो सूक्ष्म कॅल्शियम जमण्याच्या जागा दाखवतो. २०१४ मध्ये एडिनबरोच्या गटाने झटका आलेल्या ४० रुग्णांपैकी ३७ जणांत दोषी जागाच सर्वाधिक उजळल्याचं दाखवलं. पण ती धमनीच्या अस्वस्थ थराची खूण, स्टेंट अरुंद झाल्याची नव्हे. नुकतीच फुग्याने जखम झालेली जागा आणि खरोखर बिघडत चाललेली जागा यांत फरक करणं अवघड. धातूमुळे सीटीची दुरुस्ती चुकते, जिथे काही नाही तिथेही चमक दिसू शकते.

तिसरा एफडीजी, कर्करोगासाठी वापरतात तोच, साखरेचा रेणू. दाह असलेल्या पेशी साखर ओढतात, पण हृदयाचा स्नायूही ओढतो आणि त्याच्या प्रकाशात धमनी बुडते. तो विझवायला आदल्या दिवशी पिष्टमय काहीही न खाता फक्त स्निग्ध आणि प्रथिनं, आणि मग बारा तास उपास. आपल्या शाकाहारी घरांत हे कठीण असतं. पोळी, भात, डाळ, दूध, फळं, फरसाण, खिचडी सगळं बंद. पनीर, तूप, लोणी, चालत असेल तर अंडी. "उपासाचं" म्हणून साबुदाणा खाऊन आलेल्यांचा स्कॅन वाया जातो.

आणि इथे एक सापळा आहे. तोच एफडीजी जेव्हा स्नायू जिवंत आहे का हे बघायला करतात, तेव्हा तयारी नेमकी उलटी, साखर पाजून हृदयाला ती ओढायला लावायची. म्हणून "हार्टचा पेट" अशी चिठ्ठी मिळाली की एकच विचारा: दाह बघायचाय, जिवंतपणा, की रक्तपुरवठा? रक्तपुरवठ्याचा पेट, अमोनिया किंवा रुबिडियमचा, मोजून सांगतो की श्रमात प्रवाह किती पट वाढला, आणि तिन्ही धमन्यांचा आजार त्याला चकवत नाही. पण अमोनियातल्या नायट्रोजन-१३ चं अर्धायुष्य दहा मिनिटांचं, शेजारी सायक्लोट्रॉन हवा. थोड्याच केंद्रांत तो होतो.

म्हणून कुणी स्टेंटची रिस्टेनोसिस थेट दाखवणारा रेण्वीय स्कॅन म्हणून महागडं पॅकेज सुचवलं, तर हे संशोधनात आहे का आणि माझा उपचार यावरून बदलणार का, असं सरळ विचारा.

त्यानंतर

मामांचा फिकेपणा समोरच्या भिंतीत आणि टोकाला होता, स्टेंटही एलएडीच्या मधल्या भागात. जागा जुळली. अँजिओग्राफीत स्टेंटच्या खालच्या टोकाला छोटा अरुंद पट्टा दिसला. ओसीटीची बारीक प्रकाशनळी आत घातल्यावर कळलं की तिथे स्टेंट मुळातच पूर्ण उघडलेला नव्हता. डॉक्टरांनी जास्त दाबाच्या फुग्याने तो उघडला आणि औषध लावलेला फुगा फिरवला, दुसरा स्टेंट टाकला नाही. कारण असं आत जाऊन बघूनच सापडतं. म्हणून दुसऱ्या वेळी आयव्हस (धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी) किंवा ओसीटी करणार का, हे आधी विचारा. अरुंदपणा मध्यम वाटला तर दाबाच्या तारेने एफएफआर, म्हणजे अरुंद जागेच्या पुढचा दाब आधीच्या दाबाच्या किती पट उरतो ते, मोजतात, ०.८० किंवा कमी आला की उपचाराला अर्थ असतो. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर स्कॅन आणि प्लास्टी यांतलं काय बसतं हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्य मित्राला विचारून घ्या.

बरं वाटल्यावर मामांनी विचारलं, आता दर वर्षी थॅलियम करायचं ना? नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या चाचणीत जास्त जोखमीच्या १७०६ प्लास्टी रुग्णांपैकी अर्ध्यांची वर्षाने ठरवून तपासणी केली, बाकीच्यांची लक्षणं आली तरच. दोन वर्षांनी मृत्यू, झटका किंवा अचानक बळावलेल्या छातीच्या दुखण्यासाठी (अस्थिर अंजायना) दाखल होणं एकीकडे ५.५ टक्के, दुसरीकडे ६ टक्के, म्हणजे फरक नाही. मामा आता वही ठेवतात, गोळ्या घेतात, साखर सांभाळतात. दुसऱ्या प्लास्टीचा कॅथ लॅब रिपोर्ट मामींनी घरी निघण्याआधीच मागून घेतला, त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि एक माझ्याकडे दिली.